भावना दुखावल्या नाहीत, साहेब!

मराठी वर्तमानपत्रांच्या कचेरीत एक वाक्य कायम जुळवून ठेवलेले असावे असा मला संशय आहे: ‘मुस्लिम समाजाच्या भावना दुखावल्या.’ सिनेमातल्या एखाद्या गाण्यात नायिकेने भलत्या ओळीवर डोळा मारला, तरी हेच वाक्य. पैगंबरांविषयी कुणी ठरवून गलिच्छ लिहिले, तरी हेच वाक्य. आणि भर चौकात माईक हातात धरून कुणी ‘यांच्याकडून भाजी घेऊ नका, यांना घर भाड्याने देऊ नका, वेळ आली की यांना धडा शिकवा’ असे सांगितले, तरीही हेच वाक्य. तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच तागडीत. बरे, हे वाक्य फक्त वर्तमानपत्रवाल्यांचे असते तर एक वेळ सोडून दिले असते. पण दुसऱ्या दिवशी तहसीलदारांना जे निवेदन दिले जाते, आपल्याच संघटनेच्या लेटरहेडवर, आपल्याच पुढाऱ्यांच्या सह्यांनी, त्याची पहिली ओळही हीच असते.

माझे म्हणणे असे की या एका वाक्याने महाराष्ट्रातल्या मुसलमानाचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे फार थोड्या गोष्टींनी केले असेल. ज्याला धमकी दिली गेली, त्याला आपणच ‘नाराज’ ठरवून मोकळे होतो.

आपला फौजदारी कायदा जन्मला इंग्रजीत. १८६० साली भारतीय दंड संहिता मंजूर झाली आणि १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलमांत कुणाला त्रास देणारे, दुखावणारे, भडकावणारे शब्द एकसारखे नाहीत. ऑफेन्ड, वूंड, इन्सल्ट, आउटरेज, प्रोव्होक, इन्साइट हे सगळे सख्खे भाऊ वाटतात, पण प्रत्येकाचे घर वेगळे आहे. ही भाषापंडितांची कसरत नव्हे. यातला कोणता शब्द लागू पडतो यावर माणूस तुरुंगात जाणार की चहा पिऊन घरी जाणार, हे ठरते.

सर्वांत हलका शब्द ऑफेन्ड. एखादी गोष्ट ऐकणाऱ्याला खटकली, बोचली, की तो ऑफेन्ड झाला. बोलणाऱ्याच्या मनात काही होते की नव्हते, याचा इथे संबंध नाही. आपल्या मराठीत ‘शब्द लागला’ म्हणतात तो हा प्रकार. शब्द कुणालाही लागू शकतो. डॉक्टरने खरे सांगितले तरी लागतो, सासूने मीठ कमी आहे म्हटले तरी लागतो.

वूंड म्हणजे जखम करणे. जुन्या संहितेच्या कलम २९८ मध्ये हा शब्द होता: एखाद्याच्या धार्मिक भावनांना जखम करण्याच्या जाणीवपूर्वक उद्देशाने त्याला ऐकू जाईल असे बोलणे, त्याला दिसेल असा हावभाव करणे किंवा त्याच्या नजरेसमोर एखादी वस्तू ठेवणे. म्हणजे समोरासमोरचा मामला. मशिदीसमोर उभे राहून मुद्दाम टोचून बोलणे यात बसते. शिक्षा एक वर्षापर्यंत.

इन्सल्ट ही बोलणाऱ्याची कृती आहे. ज्याचा अपमान केला त्याला ते कळलेसुद्धा नसेल, तरी अपमान झालेला असतो. उलट, अपमान झालेला नसतानाही माणूस दुखावू शकतो. म्हणून ‘मी दुखावलो’ यावरून ‘त्याने अपमान केला’ हे सिद्ध होत नाही. आपली अर्धी भांडणे इथेच अडतात.

आउटरेज हा त्याहून भारी शब्द. मर्यादा उधळून लावणे, अत्याचार करणे असा त्याचा भाव. याच संहितेत स्त्रीच्या संदर्भात कलम ३५४ मध्ये हाच शब्द आला, तेव्हा मराठीने त्याच्यासाठी ‘विनयभंग’ असा खणखणीत शब्द वापरला. ‘तिचा विनय दुखावला’ असे कुणी म्हटले नाही. पण कलम २९५-अ मध्ये धार्मिक भावनांच्या संदर्भात पुन्हा तोच शब्द आला, तर बोलण्यात आणि बातम्यांत आपण त्याचे केले ‘भावना दुखावणे’. ज्या शब्दाचा अर्थ भंग, तो मराठीत येईपर्यंत हळहळ होऊन गेला.

आता शेवटचे दोन, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. प्रोव्होक म्हणजे डिवचणे, कुरापत काढणे. यात माणसे दोन. एकाने दुसऱ्याला डिवचले, दुसऱ्याचे डोके फिरले आणि त्याने दगड उचलला. इन्साइट म्हणजे चिथावणे, आणि यात माणसे तीन. एक बोलतो, दुसरा ऐकतो, आणि तिसऱ्याच्या अंगावर जाण्यासाठी त्या दुसऱ्याला तयार केले जाते. तो तिसरा सभेला हजर नसतो. तो आपल्या गाड्यावर केळी विकत असतो, रिक्षा चालवत असतो किंवा घरी झोपलेला असतो. भाषण त्याच्याशी चाललेलेच नसते, ते त्याच्याविषयी चाललेले असते.

मग मला सांगा, त्या तिसऱ्या माणसाला ‘तुझ्या भावना दुखावल्या का?’ हा प्रश्न विचारण्यात काय अर्थ आहे? त्याच्या भावनांचा प्रश्नच येत नाही. त्याचा गाडा, त्याचा धंदा, त्याचे भाड्याचे घर आणि त्याचा जीव यांचा प्रश्न आहे. त्याने ते भाषण ऐकले नसेल, ऐकून तो हसला असेल, तरी गुन्हा तसूभरही कमी होत नाही.

हा फरक काल-परवाचा नाही. त्याचा इतिहास मुसलमानांशीच जोडलेला आहे. १९२४ साली लाहोरात ‘रंगीला रसूल’ नावाचे पुस्तक निघाले. प्रकाशक राजपाल. पुस्तकात पैगंबरांविषयी हीन मजकूर होता. त्याच्यावर कलम १५३-अ खाली खटला चालला, कारण त्या वेळी हाताशी तेवढेच कलम होते. हे कलम दोन समाजांत वैर माजवण्याविरुद्धचे. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. पण १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी राजपालला सोडून दिले. त्यांचा मुद्दा असा की दिवंगत धर्मपुरुषावरची चिखलफेक कितीही निंद्य असली, तरी तिला समाजासमाजांत वैर माजवणे म्हणता येत नाही. अपमान एक, वैर पसरवणे दुसरे. मुसलमान संतापले, मोर्चे निघाले आणि त्याच वर्षी केंद्रीय विधिमंडळाने २९५-अ हे नवे कलम घातले. ते घालताना सभागृहात जीनांसारख्यांनी आग्रह धरला की इतिहासाचा शोध घेणारा आणि प्रामाणिक टीका करणारा माणूस यात सापडता कामा नये. म्हणून कलमात दोन अटी आहेत: कृती जाणूनबुजून केलेली हवी आणि ती दुष्ट हेतूनेही केलेली हवी. १९२९ मध्ये राजपालचा खून झाला आणि खुनी तरुण त्याच वर्षी फासावर गेला. कायदा झाला होता तरीही सुरा चालला. तेव्हापासून आजपर्यंत आमच्याकडे काही लोकांना सुऱ्याची आठवण राहिली आणि कायद्यातल्या त्या दोन अटींची राहिली नाही.

त्या अटींचे वजन सुप्रीम कोर्टाने १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सांगितले. ‘गोरक्षक’ मासिकाच्या संपादकाला मुसलमानांच्या धर्माचा अपमान केल्याबद्दल शिक्षा झाली होती आणि ती कायम राहिली. पण कायम ठेवताना कोर्टाने स्पष्ट केले की २९५-अ प्रत्येक अपमानाला लागू नाही. अनवधानाने, बेफिकिरीने झालेला, दुष्ट हेतू नसलेला अपमान त्यात येत नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, हेच कलम २९९ झाले आहे. त्या दोन्ही अटी तिथेही तशाच आहेत.

या अटी काढून टाकल्या तर काय होते, हे शेजारी पाहता येते. पाकिस्तानच्या संहितेची मुळे याच १८६० च्या कायद्यात आहेत. १९८६ साली झिया उल हक यांच्या काळात तिथे २९५-क आले. त्यात देहान्त शिक्षा आली, पण ‘जाणूनबुजून’ आणि ‘दुष्ट हेतूने’ हे शब्द आले नाहीत. मग शेजाऱ्याशी पाण्यावरून झालेले भांडणसुद्धा त्या कलमात बसवता येऊ लागले. आणि असा शब्दांचा घोळ ज्या देशात होतो, तिथे सर्वांत आधी भरडला जातो तो अल्पसंख्य. तिथे ख्रिस्ती आणि अहमदिया, इथे कोण ते सांगायला नको.

इथले उदाहरण हवे असेल तर पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर त्या बंदविषयी प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केले. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांचे हॉस्पिटल फोडले गेले. सुरुवातीला लावलेल्या कलमांत चक्क २९५-अ होते, म्हणजे धर्माचा अपमान! बंदचा आणि धर्माचा काय संबंध, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. ‘भावना दुखावल्या’ एवढे पुरेसे होते. जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ. त्या कलमात चीड येणे, गैरसोय होणे, अपमान, फौजदारी धमकी आणि द्वेष हे सगळे एका दावणीला बांधलेले होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. या अटकेनंतरच श्रेया सिंघल यांची याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने ६६-अ रद्द केले. न्यायमूर्ती नरिमन यांनी निकालात तीन पायऱ्या वेगळ्या केल्या: चर्चा, समर्थन आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही कडू लागल्या तरी त्यांना हात लावता येणार नाही. तिसरी आली की कायदा आत येतो.

माझ्या मुस्लिम वाचकांनो, हा निकाल आपल्यासाठी आहे. दुखावल्या भावनांचा कायदा ढिला झाला की तो पहिल्यांदा आपल्याच मुलीच्या दारात पोहोचतो.

आता आपल्या अंगणात या. २०१८ साली एका मल्याळी चित्रपटातले गाणे गाजले. त्यातल्या शाळकरी नायिकेच्या डोळा मारण्यावर देश फिदा झाला आणि आपल्यातले काही लोक पोलीस ठाण्यात गेले. हैदराबादेत गुन्हा नोंदला गेला, महाराष्ट्रातही तक्रारी झाल्या. गाणे होते तरी काय? केरळच्या मुसलमानांत कित्येक वर्षे गायले जाणारे मापिल्ला गीत, ज्यात पैगंबर आणि हजरत खदीजा यांच्या प्रेमाचे कौतुक आहे. स्तुतीचे गाणे, आणि तक्रार अपमानाची! त्या वर्षी ३१ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा रद्द केला आणि त्यासाठी पुन्हा १९५७ चाच निकाल समोर ठेवला. कोर्टाने बोलणी दिली ती वेगळीच. पण खरे नुकसान पुढे झाले. उद्या आपण खऱ्या चिथावणीची तक्रार घेऊन ठाण्यात जातो, तेव्हा फौजदाराच्या मनात ती डोळा मारणारी पोरगी असते. ‘तुमच्या भावना ना, रोजच दुखावतात,’ असे तो तोंडाने म्हणत नसेल, पण फाइल त्याच ढिगात टाकतो.

‘आमच्याकडे शब्दच नाहीत’ ही सबब चालणार नाही. मराठीत खटकणे आहे, बोचणे आहे, हिणवणे आहे, खिजवणे, डिवचणे, कुरापत काढणे, उपमर्द, विटंबना, चिथावणी, प्रक्षोभ आहे. उर्दूत तौहीन वेगळी, गुस्ताखी वेगळी, इश्तिआल वेगळे. तरी आपली उर्दू वर्तमानपत्रे सगळ्यावर एकच मलम लावतात: दिलआजारी. मराठी कानाला तो हृदयविकारच वाटतो!

आणि ज्या ग्रंथाच्या नावाने हे सगळे चालते, तो याबाबतीत किती काटेकोर आहे ते पाहा. सूरह हुजुरातच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत थट्टा करणे, टोमणे मारणे, वाईट नावाने हाक मारणे, संशय घेणे, पाळत ठेवणे आणि पाठीमागे निंदा करणे ही वेगवेगळी कृत्ये म्हणून एकेक करून सांगितली आहेत. सूरह हुमजामध्ये निंदक आणि छिद्रान्वेषी यांच्यासाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. सूरह निसाच्या १४० व्या आयतीत अल्लाहच्या वचनांची टिंगल चाललेली ऐकली तर काय करावे हे सांगितले आहे: लोक दुसऱ्या विषयाकडे वळेपर्यंत त्यांच्यासोबत बसू नका. उठून जा, एवढेच. दगड उचला असे त्या आयतीत नाही. मशिदीत लघवी करणाऱ्या अडाणी बद्दूवर सहाबा धावून गेले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना थांबवले आणि जागेवर पाणी ओतायला सांगितले, ही हदीस तर मदरशातल्या पोरालाही पाठ असते. घाण झाली होती, अपमानाचा हेतू नव्हता. हेतू पाहायला पैगंबरांनी शिकवले, ते आपण कोर्टाकडून शिकायची वेळ आणली.

कुणी विचारेल, मग पैगंबरांविषयी कुणी ठरवून घाणेरडे बोलले तर गप्प बसायचे का? मुळीच नाही. कलम २९९ त्यासाठीच आहे. हेतू दिसत असेल तर तक्रार जरूर करा, हेतूचे पुरावे जोडून करा. पुस्तकाला पुस्तकाने उत्तर द्या. मात्र इतिहासकाराचा प्रश्न, सुधारकाची टीका, कवीचा विनोद यांना त्या कलमात कोंबू नका. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेला, तोही पुष्कळांना लागला होता. लागला म्हणून तो अपमान ठरत नाही. त्यांचे मत पटो वा न पटो, तलाक सोसलेली बाई आपले म्हणणे मांडते तेव्हा दुखावण्याचा पहिला हक्क तिचा असतो.

दुसऱ्या बाजूचे मित्र विचारतील, ‘आम्ही मत मांडले की तुम्ही त्याला चिथावणी म्हणणार का?’ नाही म्हणणार. इस्लाम चूक आहे म्हणा, कुराण पटत नाही म्हणा, बुरख्याला विरोध करा. आम्ही उत्तर देऊ किंवा उठून जाऊ. पण ‘यांना गावात राहू देऊ नका’ हे मत नव्हे. आणि हाच नियम आमच्या व्यासपीठालाही लागू आहे. आमच्या जलशात कुणी हिंदूंच्या अंगावर जाण्याची भाषा केली, तर तीही चिथावणीच. तिला ‘जोशात बोलून गेले’ म्हणून पोटात घालता येणार नाही.

मग निवेदनात लिहायचे काय? एक, काय बोलले गेले ते शब्दशः लिहा, जागा, तारीख, वेळ, चित्रफीत यांसह. दोन, त्याचे नाव नीट घ्या. समाजासमाजांत वैर पसरवले असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १९६. एका समाजाविरुद्ध गुन्हा करायला दुसऱ्याला चिथावले असेल तर ३५३. आणि ज्या कलमाचा उल्लेख आपल्या निवेदनांत क्वचितच दिसतो ते १९७, म्हणजे जुने १५३-ब. एखाद्या धर्माचे लोक संविधानाशी निष्ठावान असूच शकत नाहीत असे सांगणे, किंवा त्यांना नागरिकाचे हक्क नाकारा असे सांगणे, हा त्यात गुन्हा आहे. यातल्या एकाही कलमात आपल्या मनाला काय वाटले हे सिद्ध करावे लागत नाही. तीन, एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सर्व राज्यांना बजावले आहे की द्वेषपूर्ण भाषणावर, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता, तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. त्याची आठवण करून द्या. अशा खटल्यांना सरकारची पूर्वपरवानगी लागते, तीही लेखी मागा.

याच महाराष्ट्राने जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. तो करताना वाळीत पडलेल्याला ‘वाईट वाटले का रे?’ असे विचारत बसले नाहीत. बहिष्कार ही इजा आहे हे मान्य केले. तो कायदा जातपंचायतींसाठी आहे, पण त्यामागची अक्कल सगळ्यांनाच लागू पडते. केळीवाल्याचे गिऱ्हाईक तोडणे ही इजा आहे. त्याच्या दारावर खूण करणे ही इजा आहे.

भावना दुखावलेल्या माणसाची समजूत काढली जाते. त्याला चहा पाजतात, ‘जाऊ द्या हो, मोठ्या मनाने घ्या’ म्हणतात, शांतता समितीच्या बैठकीत हार घालतात. धमकी मिळालेल्या नागरिकाला समजूत नको असते, त्याला संरक्षण हवे असते आणि धमकी देणाऱ्यावर गुन्हा हवा असतो. म्हणून पुढच्या वेळी ठाण्यात जाल तेव्हा फौजदाराने ‘तुमच्या भावना समजतो’ म्हटले, तर त्याला तिथेच अडवा. भावना आमच्या आम्ही सांभाळू. तुम्ही आधी ते भाषण लिहून घ्या.